पेत्राची तलवार

काही वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या मुलाला घेऊन चर्चच्या कचेरीत आली. मुलाची सैन्यात निवड झाली होती. दोन दिवसांनी त्याला प्रशिक्षणासाठी निघायचे होते आणि जाण्यापूर्वी त्याला आशीर्वाद हवा होता. मी प्रार्थना केली, त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि खणातली एक जपमाळ काढून त्याच्या हाती दिली. आई समाधानाने उठली. मुलगा मात्र उठला नाही. खाली पाहतच त्याने विचारले, ''फादर, पाचवी आज्ञा आम्हांला लागू आहे की नाही?''

बाहेर सर कोसळत होती, माउलीला शेवटच्या बसची काळजी होती आणि मलाही एका आजाऱ्याकडे जायचे होते. मी म्हणालो, ''सैनिक हा देशाचा राखणदार असतो. युद्ध करायचे की नाही, हे वरिष्ठांनी ठरवायचे असते. तू आपले कर्तव्य कर आणि प्रार्थना सोडू नकोस.'' त्याने मान डोलावली आणि मायलेक छत्रीखाली निघून गेले.

माझे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला सोडून नव्हते. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही हेच शिकलो होतो. तरीही ते उत्तर माझ्या मनाला टोचत राहिले, कारण मुलाने विचारले होते स्वतःविषयी आणि मी उत्तर दिले होते वरिष्ठांविषयी. पुढे ऑस्ट्रियातील एका शेतकऱ्याची हकिगत वाचताना मी थबकलो. हाच प्रश्न घेऊन तो आपल्या महागुरूंकडे गेला होता, आणि महागुरूंनी त्याला जे सांगितले त्याचा मथितार्थ माझ्या त्या संध्याकाळच्या उत्तरापेक्षा फारसा निराळा नव्हता. त्या शेतकऱ्याची कथा पुढे येईलच. परंतु ती नीट समजायची तर आधी बरेच मागे जावे लागेल.

ख्रिस्ती धर्म हा शांततावादी धर्म आहे काय? आमच्या हिंदू स्नेह्यांपैकी अनेकांना हा प्रश्नच अनावश्यक वाटतो. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करणाऱ्यांचा धर्म शांततावादी नसेल तर कोणाचा असेल, असे ते म्हणतात. दुसरे काही स्नेही लगेच धर्मयुद्धांची आठवण करून देतात, आणि वसईकराला तर त्यासाठी पुस्तक उघडण्याचीही गरज नाही. आमच्या किल्ल्यातून चालत जावे. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेज्विट व ऑगस्टिनियन संघांच्या मंदिरांचे भग्नावशेष उभे आहेत आणि तटावरच्या बुरुजांना पोर्तुगीजांनी नावे दिली होती ती संतांची. सेंट सेबास्टियन, सेंट पीटर, सेंट पॉल! १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीस आणि नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात त्या आजही आहेत. प्रार्थनेला बोलावणाऱ्या घंटा लुटीचा माल झाल्या याची खंत आमच्या लोकांना वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण ज्या भिंतींच्या आत त्या टांगलेल्या होत्या त्याच भिंतींवर तोफाही होत्या आणि तोफांच्या बुरुजांना प्रेषितांची नावे होती, हे आपण सहसा आठवत नाही.

शुभवर्तमानात पाहिले तर काय दिसते? डोंगरावरील प्रवचन आहे, वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. गेथशेमनी बागेत पेत्राने तलवार उपसली तेव्हा प्रभूने ती त्याला म्यानात घालायला लावली आणि जखमी सेवकाचा कान बरा केला. हे सर्व निःसंदिग्ध आहे. परंतु बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले तेव्हा त्याने त्यांना खंडणी उकळू नका, पगारात समाधान माना, एवढेच सांगितले, सैन्य सोडा असे सांगितले नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीची श्रद्धा पाहून प्रभूने आश्चर्य केले, त्याची नोकरी विचारली नाही. आणि परराष्ट्रीयांपैकी ज्याच्या घरी पेत्राला देवाने धाडले तो कर्नेल्यही रोमन सैन्यातलाच अधिकारी. वचने काढून वाद घालू पाहणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी भरपूर सामग्री मिळते आणि गेली दोन हजार वर्षे ती वापरली जात आहे.

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लेखकांचा कल मात्र स्पष्ट होता. कार्थेजचा तेर्तुलियन म्हणे की प्रभूने पेत्राच्या हातची तलवार काढून घेतली तेव्हाच त्याने प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा सोडला. गंमत अशी, की याच तेर्तुलियनने १९७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या समर्थनग्रंथात ख्रिस्ती लोक रोमन छावण्यांतही आहेत, असे अभिमानाने नोंदले आहे. म्हणजे पंडित एक सांगत होते आणि लोक दुसरे करीत होते. ही परिस्थिती कोणाही धर्मगुरूला अपरिचित वाटू नये. रोमच्या हिप्पोलितसशी जोडल्या जाणाऱ्या प्राचीन नियमावलीत सैनिकाला धर्मशिक्षणासाठी स्वीकारण्याची मुभा आहे, पण त्याने कोणाला ठार मारू नये अशी अट आहे. उलट धर्मशिक्षण घेत असताना जो सैन्यात शिरू इच्छितो, त्याला दूर करावे असा दंडक आहे. सर्वच माणसे तुमच्यासारखी वागू लागली तर साम्राज्याचे रक्षण कोण करील, असा टोला सेल्सस या विद्वानाने मारला होता. २४८ च्या सुमारास ओरिजेनने त्याला उत्तर दिले. तुमचे पुजारी आपले हात रक्ताने विटाळू नयेत म्हणून युद्धापासून अलिप्त राहतात ना? मग आम्हा ख्रिस्ती लोकांना तुम्ही पुजाऱ्यांचे राष्ट्र समजा, आम्ही प्रार्थनेने लढू, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

या काळातील एक कागद मला सर्व ग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो. १२ मार्च २९५ रोजी न्युमिडियातील तेबेस्सा येथे, म्हणजे आजच्या अल्जीरियात, मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाला सैन्यभरतीसाठी राज्यपाल डायन याच्यासमोर उभे करण्यात आले. वय एकवीस वर्षे, तीन महिने आणि अठरा दिवस. कारकुनाने नोंद इतकी काटेकोर केली आहे! त्याची उंची मोजली गेली. गळ्यात सैन्याची शिशाची मुद्रा घालायला त्याने नकार दिला. आपण ख्रिस्ती आहोत, आपल्याला हे पातक करता येणार नाही, एवढेच तो सांगत राहिला. डायन काही राक्षस नव्हता. त्याने मुलाच्या वडिलांना, फाबियस व्हिक्टरला, मुलाची समजूत काढायला सांगितले. त्याला कशात आपले हित आहे ते त्याचे तोच जाणतो, असे वडील म्हणाले. मग डायनने खरा पेच टाकला. सम्राटांच्या खास पथकात ख्रिस्ती सैनिक आहेत आणि ते सेवा करतात, मग तुलाच काय अडचण आहे? त्यांना काय योग्य ते त्यांना ठाऊक, मी ख्रिस्ती आहे आणि मला वाईट करता येत नाही, असे मॅक्सिमिलियनने उत्तर दिले. त्याचा शिरच्छेद झाला. मरण्यापूर्वी त्याने वडिलांना एक विनंती केली. सैन्यात जाण्यासाठी तुम्ही माझ्याकरिता जो नवा पोशाख करून घेतला होता, तो या मारेकऱ्याला देऊन टाका.

या संवादात जो कच्चा दुवा आहे त्याकडे डोळेझाक करू नये. डायन खरे बोलत होता. सम्राटाच्या सैन्यात ख्रिस्ती होते, आणि मॅक्सिमिलियनने त्यांना धर्मभ्रष्ट म्हटले नाही. त्याने निवाडा केला तो फक्त स्वतःपुरता. ख्रिस्तसभेने त्याला संत मानले आणि त्या दुसऱ्यांना बहिष्कृतही केले नाही.

यानंतर अवघ्या एकोणीस वर्षांत चित्र पालटले. ३१२ साली कॉन्स्टंटाइन मिल्व्हियन पुलाजवळची लढाई जिंकला, पुढच्या वर्षी ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि ३१४ साली आर्ल येथे जमलेल्या महागुरूंनी नियम केला की जे शांततेच्या काळात शस्त्रे टाकून देतात त्यांना ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवावे. या नियमातील 'शांततेच्या काळात' या शब्दांचा अर्थ काय यावर विद्वानांची भांडणे अजून मिटलेली नाहीत. तरी दिशा लपत नाही. पाचव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तर सम्राट दुसरा थिओडोसियस याने मूर्तिपूजकांनाच सैन्यसेवेतून वगळले. ज्या सैन्यात ख्रिस्ती माणसाने शिरू नये असे वडील सांगत होते, त्यात आता केवळ ख्रिस्ती माणसालाच प्रवेश!

याला निव्वळ अधःपात म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. राज्य चालवण्याची जबाबदारी अंगावर आल्यावर रानटी टोळ्यांपासून विधवा-अनाथांचे रक्षण कोणी करायचे, हा सेल्ससचा प्रश्न आता ख्रिस्ती लोकांना स्वतःलाच सोडवायचा होता. संत ऑगस्टिनने तो प्रामाणिकपणे हाती घेतला. स्वतःच्या बचावासाठी मारणे त्याला मान्य नव्हते, पण शेजाऱ्यावरील प्रीतीपोटी दुष्टाला बळाने रोखणे त्याला कधीकधी अटळ वाटे, आणि तेही शोक करीत. त्याच्या अखेरच्या दिवसांत व्हँडल टोळ्यांनी हिप्पो शहराला वेढा घातला होता आणि त्या वेढ्यातच ४३० साली त्याने देह ठेवला. अधिकृत सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू या तीन अटी पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने सूत्रबद्ध केल्या. परंतु ऑगस्टिनच्या विचारात एक फट राहिली होती. राजा अन्यायी असला तरी त्याच्या आज्ञेवरून लढणारा सैनिक निर्दोष असू शकतो, असे त्याने लिहून ठेवले. माझ्या कचेरीतील त्या संध्याकाळच्या उत्तराची वंशावळ इथपर्यंत पोहोचते.

तरीसुद्धा रक्ताविषयीची भीती ख्रिस्तसभेच्या मनातून कित्येक शतके गेली नव्हती. पूर्वेकडे संत बेझिलने न्याय्य युद्धात मारणाऱ्यांनीही तीन वर्षे ख्रिस्तप्रसाद घेऊ नये, असा सल्ला दिला. १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंड घेणाऱ्या नॉर्मन योद्ध्यांवर त्यांच्याच महागुरूंनी प्रायश्चित्त लादले. त्या मोठ्या लढाईत जितकी माणसे मारली तितकी वर्षे प्रायश्चित्त. आणि तिरंदाजांचे काय, ज्यांना आपल्या बाणाने कोण मेले ते ठाऊकच नाही? त्यांनी चाळीस-चाळीस दिवसांचे तीन प्रायश्चित्तकाळ पाळावेत. पोपमहाशयांचे ध्वजचिन्ह घेऊन विल्यम लढला अशी परंपरा सांगते, आणि त्याच विजेत्यांना पापमुक्तीसाठी रांगेत उभे केले जाते. आजच्या आमच्या मिस्सांत विजयदिनाची कृतज्ञता मागितली जाते, प्रायश्चित्त कोणी सांगत नाही.

फ्रान्समध्ये ९८९ साली शारू येथील परिषदेपासून महागुरूंनी शेतकरी, धर्मसेवक आणि गुरेढोरे यांना लढाईपासून अभय मिळवून देण्याची चळवळ सुरू केली. पुढे बुधवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सकाळपर्यंत युद्धबंदी, असाही नियम आला. आणि मग १०९५ च्या नोव्हेंबरात क्लेरमाँ येथे दुसरे अर्बन पोपमहाशय उभे राहिले. ज्या परिषदेने ही युद्धबंदी पुन्हा एकदा मान्य केली, त्याच परिषदेच्या अखेरीस त्यांनी जेरुसलेमच्या मुक्तीसाठी शस्त्र उचलण्याची हाक दिली! घरी भांडू नका, तिकडे जाऊन लढा. जे रक्त सांडल्याबद्दल काल प्रायश्चित्त होते, ते रक्त सांडणे हेच आता प्रायश्चित्त ठरले. जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम पडले तेव्हा झालेल्या कत्तलीची वर्णने ख्रिस्ती इतिहासकारांनीच केली आहेत, ती येथे उगाळत नाही. १२१९ साली दमिएत्ताच्या वेढ्याच्या वेळी असिसीचा फ्रान्सिस निःशस्त्र होऊन सुलतान अल्-कामिलच्या छावणीत गेला आणि सुखरूप परतला. धर्मयुद्धांच्या त्या दोन शतकांत आठवावीशी हीच एक भेट मला वाटते.

ऑगस्टिनने ठेवलेली फट बुजवण्याचे काम सालामान्का विद्यापीठातील एका डॉमिनिकन प्राध्यापकाने केले. १५३९ साली फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने युद्धाच्या अधिकारावरील व्याख्यानांत सांगितले की एखाद्या प्रजाजनाला युद्ध अन्याय्य आहे अशी खात्री वाटत असेल, तर राजाने आज्ञा केली तरी त्याने लढू नये. हे वाक्य विद्यापीठात राहिले. सेमिनरीच्या पाठ्यपुस्तकांत ते असे, परंतु व्यासपीठावरून ते सहसा उतरत नसे. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या खंदकांत कॅथलिक धर्मगुरू एकाच मिस्साचे बलिदान अर्पण करीत होते. १ ऑगस्ट १९१७ रोजी पंधराव्या बेनेडिक्ट पोपमहाशयांनी या व्यर्थ संहाराला आळा घालण्यासाठी वाटाघाटींचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये सेर्तिलांज या नामवंत डॉमिनिकन धर्मगुरूने, परमगुरूंची ही शांती आम्हांला तूर्त स्वीकारता येत नाही, असे भर प्रवचनात सांगितले. परमगुरू एका बाजूला आणि त्यांचीच लेकरे आपापल्या राष्ट्रध्वजाच्या बाजूला, अशी ती अवस्था होती.

आता त्या शेतकऱ्याकडे वळतो.

फ्रान्झ येगरस्टेटर याचा जन्म २० मे १९०७ रोजी अप्पर ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड या खेड्यात झाला. आई अविवाहित मोलकरीण होती. पुढे तिच्याशी लग्न केलेल्या शेतकऱ्याने मुलाला आपले नाव दिले. तरुणपणी फ्रान्झ काही पवित्र पुतळा नव्हता. लोखंडाच्या खाणीत त्याने काम केले, गावात पहिली मोटारसायकल आणली आणि लग्नाआधी एका मुलीचा तो बापही झाला. १९३६ च्या पवित्र गुरुवारी फ्रान्झिस्काशी त्याचे लग्न झाले आणि दोघे रोमला जाऊन आले. तिच्या सोबतीने त्याची श्रद्धा खोल गेली, असे त्याला ओळखणारे सांगत. तीन मुली झाल्या.

१९३३ साली लिंझचे महागुरू ग्फोल्नर यांनी आपल्या परिपत्रकात चांगला कॅथलिक आणि खरा नाझी एकाच वेळी होणे शक्य नाही, असे स्पष्ट लिहिले होते. फ्रान्झने ते लक्षात ठेवले. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि देशातील महागुरूंनी सार्वमतात 'हो' म्हणण्यास अनुकूल असे निवेदन काढले. १० एप्रिलच्या मतदानात सेंट राडेगुंडमध्ये एकच मत विरोधी पडले. ते फ्रान्झचे होते. अधिकाऱ्यांनी ते हिशेबात न घेता गाव एकमताने अनुकूल असल्याचे कळवले.

१९४० साली त्याला सैन्यात बोलावले गेले. तो गेला, शपथही घेतली, काही महिने प्रशिक्षण घेतले. एन्स येथील छावणीत असतानाच डिसेंबरात तो संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचा सभासद झाला. म्हणजे आरंभापासून त्याने बंदूक नाकारली असे नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याचा शांततावादी म्हणून गौरव करणारे ही गोष्ट पुष्कळदा गाळतात. १९४१ च्या वसंतात शेतीसाठी सुटका होऊन तो परत आला, गावच्या चर्चचा साक्रिस्तान झाला आणि विचार करू लागला. जर्मनीने दुसऱ्यांचे देश बळकावले आहेत, ख्रिस्तसभेचा छळ मांडला आहे, हे युद्ध कोणत्या अटीत बसते? त्याचे युक्तिवाद मॅक्सिमिलियनचे नव्हते. ते ऑगस्टिनचे आणि थॉमसचे होते, आणि नकळत व्हितोरियाचे. न्याय्य युद्धाच्या ज्या कसोट्या आम्ही धर्मगुरूंनी शतकानुशतके पुस्तकात जपल्या, त्या सात-आठ इयत्ता शिकलेल्या एका शेतकऱ्याने खऱ्या मानल्या, एवढेच घडले.

गावचे धर्मगुरू कारोबाथ यांना एका प्रवचनावरून नाझींनी पकडून पुढे गावाबाहेर घालवले होते. त्यांच्याशी फ्रान्झ बोलला. त्यांनी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण पवित्र शास्त्राच्या आधारावर तो आपल्याला हरवीत असे, हे त्यांनीच नंतर सांगितले. मग तो लिंझला नवे महागुरू फ्लिसर यांच्या भेटीला गेला. अधिकाऱ्यांच्या कृत्यांचा जाब देण्याची जबाबदारी तुझ्यासारख्या सामान्य कुटुंबप्रमुखावर नाही, तू तुझ्या बायकामुलांचा विचार कर, असा त्यांचा उपदेश होता. बाहेर थांबलेल्या फ्रान्झिस्काला तो खिन्न मनाने भेटला. महागुरूंना आपण गुप्तहेर आहोत अशी शंका आली असावी, असे त्याला वाटले. त्याने महागुरूंना दोष दिला नाही.

१९४३ च्या फेब्रुवारीत पुन्हा हुकूम आला. मार्चच्या आरंभी तो एन्सला गेला आणि हिटलरसाठी लढणार नाही, असे त्याने सांगितले. शुश्रूषापथकात काम करायला तो तयार होता, पण ते कोणी ऐकले नाही. बर्लिनच्या तेगेल तुरुंगात त्याला ठेवण्यात आले आणि ६ जुलै रोजी लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा दिली. तेथील धर्मगुरूंनी त्याला सांगितले की फ्रान्झ राइनिश नावाच्या एका पालोटाइन धर्मगुरूनेही हीच शपथ नाकारून एक वर्षापूर्वी मरण पत्करले आहे. तेव्हा त्याला अतिशय धीर आला. मला येथे नेहमी थांबावेसे वाटते. पाच महिने तो अशा विचारात होता की आपल्या ख्रिस्तसभेत असे करणारे आपण एकटेच आहोत. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला.

युद्ध संपले, नाझी गेले, पण लिंझच्या धर्मप्रांतिक नियतकालिकात त्याच्याविषयीचा लेख छापायला १९४६ साली महागुरू फ्लिसर यांनी नकार दिला. ज्यांनी कर्तव्य म्हणून रणांगणावर प्राण दिले ते कॅथलिक तरुण अधिक मोठे वीर होत, असे त्यांचे मत होते. फ्लिसर यांना खलनायक करणे मला जमत नाही. ज्यांची मुले स्टालिनग्राडला मेली त्या शेकडो आयांपुढे त्यांना उभे राहायचे होते. तुमची मुले अन्यायासाठी मेली, हे त्या आयांना कोण सांगणार? मीही सांगितले नसते.

ही कथा विस्मृतीत गेली असती. गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला ती योगायोगाने सापडली, त्याने सेंट राडेगुंडला जाऊन चौकशी केली आणि १९६४ साली पुस्तक लिहिले. आणि येथे या कथेत आपली मुंबई प्रवेश करते.

थॉमस रॉबर्ट्स हे जेज्विट धर्मगुरू १९३७ साली मुंबईचे आर्चबिशप झाले. वसई तेव्हा मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती, त्यामुळे आमच्या आईवडिलांच्या पिढीतील कित्येकांना दृढीकरण संस्कार त्यांच्याच हातून मिळाला असेल. मुंबईच्या गादीवर आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश महागुरू बसवण्याचा १९२८ चा करार त्यांना काळाशी विसंगत वाटत होता. त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक म्हणून पुढे आणले, १९४६ साली सर्व कारभार त्यांच्यावर सोपवून ते इंग्लंडला निघून गेले आणि १९५० साली रीतसर पायउतार झाले. आपल्या लोकांसाठी जागा रिकामी करणारा महागुरू म्हणून त्यांची आठवण सांगितली जाते. त्यांनी पुढे काय केले हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. अण्वस्त्रांविरुद्ध ते बोलत राहिले, त्यासाठी वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली, आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या अखेरच्या सत्रात त्यांनी येगरस्टेटरचे नाव घेऊन एक निवेदन सादर केले. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने निःसंदिग्ध शब्दांत मान्य करावा, अशा रक्तसाक्षीला आपण एकटे आहोत असे पुन्हा कधी वाटू नये, असा त्यांचा आग्रह होता.

त्या ऑक्टोबरात रोममध्ये आणखी एक गोष्ट चालू होती. निरनिराळ्या देशांतील वीस स्त्रिया परिषदेच्या पित्यांनी युद्धाचा निषेध करावा म्हणून दहा दिवस उपास करीत होत्या. अमेरिकेच्या डोरोथी डे त्यांत होत्या, आणि उपासाचे नेतृत्व शांतरेल या बाईंकडे होते. त्यांचे पती लांझा देल व्हास्तो हे इटालियन कॅथलिक, पण १९३७ साली ते वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले होते आणि गांधीजींनी त्यांना शांतिदास हे नाव दिले होते. वर्ध्याचा तो धागा रोमपर्यंत गेला. डोंगरावरील प्रवचन आम्हीच जगाला दिले असे आपण म्हणतो, पण ते अक्षरशः पाळता येते हे विसाव्या शतकात पुष्कळ ख्रिस्ती लोकांना एका हिंदूकडून कळले, हे मान्य करायला लाजू नये.

परिषदेत मतभेद तीव्र होते. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांना सैन्यसेवा हे टाळता न येणारे कर्तव्य वाटत होते. अखेर ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रात तडजोड झाली. समाजाची दुसरी काही सेवा करण्यास तयार असणाऱ्यांना शस्त्र नाकारता यावे अशी माणुसकीची तरतूद कायद्यांनी करावी, असे त्यात आले. देशाच्या सुरक्षिततेसाठी झटणारा सैनिक शांतीलाच हातभार लावतो, हेही त्याच परिच्छेदात आले. आणि संपूर्ण शहरांचा सरसकट संहार हा देवाविरुद्धचा व मानवाविरुद्धचा अपराध ठरवला गेला. वर्षभरापूर्वीच, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावे पॉल पोपमहाशय युखारिस्त परिषदेसाठी मुंबईला आले असताना त्यांनी शस्त्रस्पर्धा थांबवून तो पैसा गरीब राष्ट्रांच्या मदतीला लावण्याचे आवाहन केले होते.

तेव्हा ख्रिस्ती धर्म शांततावादी आहे काय? इतिहास पाहता, नाही असेच म्हणावे लागते. ख्रिस्तसभेने सैनिकाला आपल्या वेदीपासून कधी कायमचे दूर केले नाही आणि तसे तिने करावे असे मलाही वाटत नाही. परंतु ज्यांनी शस्त्र नाकारले त्यांच्यातूनही तिला वरचेवर संत सापडले, बहुधा त्यांच्या मरणानंतर आणि बराच उशिरा. येगरस्टेटरची शिक्षा १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने रद्द केली आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे, ज्या शहरात महागुरूंनी त्याला परत पाठवले होते तेथेच, तो धन्यवादित घोषित झाला. फ्रान्सिस पोपमहाशयांनी २०२० साली बंधुत्वावरील आपल्या परिपत्रकात, आजच्या शस्त्रांच्या युगात न्याय्य युद्धाच्या जुन्या कसोट्यांचा आधार घेणे फारच अवघड झाले आहे, असे लिहिले. माझ्या मते ऑगस्टिनची चूक सैनिकाला परवानगी देण्यात नव्हती, सैनिकाचा निवाडा राजाकडे सोपवण्यात होती. आणि त्या चुकीत माझाही वाटा आहे.

म्हणून मी त्या मुलाला पत्र लिहिले. आपल्या देशात सैन्यभरती सक्तीची नाही, त्याने ती आपण होऊन पत्करली आहे, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही, हे प्रथम लिहिले. मग मॅक्सिमिलियन आणि फ्रान्झ यांच्या हकिगती लिहिल्या. त्या संध्याकाळी मी तुला घाईने उत्तर दिले, पाचवी आज्ञा तुलाही लागू आहे, निःशस्त्रावर किंवा शरण आलेल्यावर हात टाकण्याचा हुकूम कधी झाला तर तो वरिष्ठांचा म्हणून तुझ्या अंगावरून जाणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर रात्री-अपरात्री मला फोन कर, असेही लिहिले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज तुटत होता. आईची प्रकृती, गावचा गोठा, वाडीतली केळी असे सगळे विचारून झाल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, ''फादर, त्या शेतकऱ्याच्या मुलींचे पुढे काय झाले?''

मी त्याला सांगितले. थोरली तेव्हा पुरती सहा वर्षांचीही नव्हती. हुतात्म्याची म्हणून नव्हेच, पण सैनिकाची विधवा म्हणूनही फ्रान्झिस्काला १९५० पर्यंत निवृत्तिवेतन मिळाले नाही. नवऱ्याला तिनेच रोखायला हवे होते, असे गावातली माणसे म्हणत. तिने शेती केली, मुली वाढवल्या. १९४६ साली त्याच्या अस्थी गावी आल्या, त्या चर्चच्या भिंतीशी पुरल्या. २००७ साली लिंझच्या कॅथेड्रलमध्ये ती चौऱ्याण्णव वर्षांची होऊन मुलींसह हजर होती, आणि शंभरी गाठून २०१३ साली गेली. आणि तो तुरुंगात गेल्यावर चर्चचे साक्रिस्तानपद रिकामे झाले, तेव्हा ते काम तिनेच आपल्याकडे घेतले.